जॉन्सन, क्रॉकेट
(१९०६–१९७५). अमेरिकन व्यंगचित्रकार व बालसाहित्यकार. ‘बार्नबी’ या चित्रमालिकेमुळे ख्यातनाम. १९६५ पासून त्याने शंभराहून अधिक भौमितिक चित्रे रंगविली. अनेक विषय ग्रीक गणितातील : पायथागोरसचा सिद्धांत, किऑसच्या हिपॉक्रेटीसच्या चंद्रकोरी, वर्तुळाचे चौरसीकरण. हार्डबोर्डवर घरगुती रंगांचे सपाट पट्टे. अक्षरे, आकडे नाहीत. त्यामुळे सिद्धता ठाऊक नसणाऱ्याला ती निव्वळ अमूर्त वाटतात आणि तशीही ती उत्तमच आहेत. चित्रांखेरीज त्याने सुसम सप्तभुजाची एक रचनाही शोधली. केवळ कंपास व खुणा नसलेल्या पट्टीने असा सप्तभुज काढणे अशक्य. म्हणून जॉन्सनने आर्किमिडीजच्या परंपरेतील खुणांची पट्टी वापरली. ही रचना त्याला आर्किमिडीजच्याच सिरॅक्यूजमध्ये, उपाहारगृहात दातकोरण्या मांडताना सुचली. व्यावसायिक गणिती नसूनही ती त्याने १९७५ मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या भौमितिक चित्रांपैकी ८० चित्रे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत.