‘बॉयकॉट’ शब्दाची कुळकथा

एखाद्या माणसाचें नांव त्याच्या हयातींतच क्रियापद होऊन बसावें, असें क्वचितच घडतें. तें भाग्य, किंवा दुर्भाग्य, चार्ल्स बॉयकॉट या इंग्रज गृहस्थाच्या वांट्यास आलें.

आयर्लंडच्या मेयो परगण्यांत, मास्क सरोवराच्या कांठीं, तो लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून राहत असे. १८८० सालीं कुळांनीं खंडांत चौथाईची सूट मागितली; ती नाकारली गेली. त्याच वर्षीं १९ सप्टेंबर रोजीं पार्नेलनें एनिस येथील सभेंत एक नवा मार्ग सांगितला. हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला गोळी घालूं नका. रस्त्यांत, दुकानांत, बाजारांत, फार काय, प्रार्थनामंदिरांतही त्याच्याशीं संबंध ठेवूं नका. तीनच दिवसांनीं बॉयकॉटनें कुळांना उठविण्याच्या नोटिसा धाडल्या आणि हें अस्त्र त्याच्यावरच चाललें. गडी-मोलकरणी निघून गेल्या, दुकानदार जिन्नस देईनात, पीक शेतांत पडून राहिलें. अखेर अल्स्टर प्रांतांतून ५० मजूर आले, आणि त्यांच्या रक्षणार्थ सुमारें हजार शिपाई! एकेका सलगमामागें सरकारला एक शिलिंग पडला, अशी पार्नेलनें थट्टा केली. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट तें घर सोडून गेला.

आतां शब्दाविषयीं. रेडपाथ या अमेरिकन बातमीदारानें लिहून ठेवलें आहे कीं, या प्रकारास ‘ऑस्ट्रॅसिझम’ म्हणावें तर तें शेतकऱ्यांना उमगणार नाहीं, अशी त्याची अडचण होती. तेव्हां फादर ओमॅली या तेथील धर्मगुरूनें ‘बॉयकॉट करणें’ असें सुचविलें. ग्रीक शब्द विद्वानांपाशींच राहिला. हा मात्र फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही शिरला.

१९०५ सालीं वंगभंगाच्या चळवळींत तो आपल्याकडे गाजला. मराठीला प्रतिशब्द शोधावा लागला नाहीं. ‘बहिष्कार’ आपल्या घरांतच होता! परंतु तो जातपंचायतीचा. मेयोंत दुबळ्या कुळांनीं सत्तेच्या माणसाला वाळीत टाकलें. आपल्या गांवांत बहुधा सबळांनीं दुबळ्यांचें पाणी तोडलें. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक काढलें, त्या नांवांतला बहिष्कार हा दुसरा. वाळीत टाकणें हा गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ सालचा आहे. त्याच्या इंग्रजी शीर्षकांत या जुन्या बहिष्कारासाठीं योजलेला शब्द ‘बॉयकॉट’ हाच आहे.