धानात कणी जास्त पडते? मिलवाल्याशी बोला

मुर्रीसह गोंदियाच्या धानपट्ट्यात दिसायला चांगल्या धानातही भरडाईत कणी जास्त पडू शकते. कारण अनेकदा बांधीतच असते. कापलेल्या कडपा पावसात भिजून पुन्हा सुकल्या की दाण्याला आत तडा जातो. वरून तो दिसत नाही. म्हणून धान देताना वाण, कापणीची तारीख आणि कडपा भिजल्या होत्या का, हे मिलवाल्याला सांगा. भिजलेला माल वेगळ्या पोत्यांत भरा. चांगल्यात मिसळला तर सगळ्याच मालाची प्रत उतरते. आधारभूत खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, भरडाईला मात्र १४ टक्क्यांच्या आसपासचे धान बरे. भरडाईनंतर अख्खा तांदूळ किती, कणी किती, हे विचाराच. न विचारता कोणी सांगत नाही. ते आकडे वाणासमोर वहीत लिहिले, तर पुढच्या हंगामात कापणी कधी करायची ते ठरवता येते.