मौनाचा अर्थ

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड मागे टाकून पांढुर्ण्याला येते. रात्रीच्या काळोखात चालकाला पुढचा मार्ग दिसत नाही. दिसतो तो केवळ सिग्नलचा दिवा. मार्ग मोकळा आहे, हे त्या दिव्याला कोण सांगते?

पूर्वी हे काम सर्वस्वी माणसाच्या डोळ्यांचे होते, आणि डोळा चुकला की माणसे मरत. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने ते काम रुळांवरच सोपविले. त्याच्या पहिल्या रचनेत गाडी आली म्हणजे वीजप्रवाह सुरू होई आणि धोक्याची खूण मिळे. पण तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर गाडी उभी असूनही मार्ग मोकळाच दिसे! तेव्हा त्याने सारा क्रम उलटा केला आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. रुळांतून प्रवाह अखंड वाहत राहावा, त्याच्या बळावर रिले उचललेला राहावा, तरच मार्ग मोकळा. गाडीचा आस दोन्ही रूळ जोडतो, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लालच. यालाच रेल्वेच्या भाषेत ट्रॅक सर्किट म्हणतात. १९२८ साली मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर भारतातील पहिले स्वयंचलित रंगदीप सिग्नल सुरू झाले.

आज संवेदकाची तार सरळ संगणकाला जोडतात. संगणकाचा मूळ कारभार पाहणारी आज्ञावली म्हणजे कर्नेल, आणि तिच्यातील उपकरणाशी बोलणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. साध्या संवेदकाच्या तारेवर ड्रायव्हरला दोनच गोष्टी कळतात: वीजदाब आहे, किंवा नाही. ‘सारे ठीक’ आणि ‘तार तुटली’ या दोहोंची खूण एकच ठेवली, तर ड्रायव्हर कितीही कुशलतेने लिहिला तरी त्याला त्यांतील भेद ओळखता येणार नाही. तो निर्णय आज्ञावलीचे पहिले अक्षर लिहिण्यापूर्वी, जोडणी करतानाच घ्यावा लागतो.

दीडशे वर्षांपूर्वी रुळांनी शिकविलेला धडा हाच आहे. यंत्र मुके झाले, तर त्या मौनाचा अर्थ ‘थांबा’ असाच व्हावा. पांढुर्ण्यावरून मध्यरात्री जाणारा प्रवासी निश्चिंत झोपतो, तो या एका नियमाच्या भरवशावर.