दम

७ ऑक्टोबर २०२३ ची दुपार. भिवंडीच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळांत कबड्डीचा अंतिम सामना चालू होता, भारताविरुद्ध इराण. शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग नेहमीसारखे खडखडत होते, पण दोन कारागीर जेवणाच्या सुटीचे निमित्त करून आमच्या खिडकीशी उभे होते. गुण झाले २८–२८. सामना संपायला जेमतेम मिनिटभर उरले असेल. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि बाजूच्या पट्टीत शिरला. त्याच्यामागे इराणचे गडीही शिरले. आणि खेळ थांबला.

थांबला तो थोडाथोडका नव्हे, तासभर! पंचांनी एकदा एक निकाल दिला, मग दुसरा. खेळाडू मॅटवर बसून राहिले. अखेरीस भारत ३३–२९ असा जिंकला, खिडकीतल्या कारागिरांनी टाळ्या पिटल्या, घरातल्या मंडळींनी पेढे काढले. फक्त माझा अकरा वर्षांचा नातू माझा सदरा ओढत विचारत होता, “आजोबा, पण खरा नियम कोणता?”

मी तीस वर्षे गावोगावच्या सामन्यांत पंच म्हणून शिटी फुंकलेली. घरात माझा तेवढाच काय तो मान. तरी मला उत्तर देता आले नाही. कारण त्या दुपारी नियम एक नव्हता, दोन होते. मैदानाच्या दोन्ही बाजूंस जी एकेक मीटरची पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. स्पर्श होऊन झटापट सुरू झाल्यावाचून त्या पट्टीत कोणी पाय टाकायचा नसतो. आता स्पर्श न होताच चढाई करणारा तिथे गेला आणि त्याच्यामागे बचाव करणारेही गेले, तर बाद कोण? आंतरराष्ट्रीय महासंघाची जुनी पोथी म्हणे, जे जे गेले ते सगळे. आपल्याकडे २०१४ पासून दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्या प्रो कबड्डी लीगची नवी पोथी म्हणे, बाद एकटा चढाई करणारा. दोन्ही संघांतले कितीतरी गडी त्याच लीगमध्ये खांद्याला खांदा लावून खेळलेले. पोरांना दोन्ही पोथ्या पाठ होत्या. या घटकेला कुठली उघडायची, एवढेच ठरत नव्हते.

नातवाच्या त्या प्रश्नाने मी मागे मागे गेलो. वाचकांनाही जरा बरोबर नेतो. फराळाचे ताट जवळ असू द्या.

आमचे मूळ गाव भिवंडी तालुक्यातले, कामवारी नदीपलीकडचे. वस्ती आगऱ्यांची, शेती भाताची. दिवाळी सरली, भात झोडून झाले, पेंढा रचला, की एखाद्या शेतातली ढेकळे फोडून, पाणी शिंपून, चोपण्याने ठोकून मैदान तयार होई. रेषा राखेच्या. उजेड पेट्रोमॅक्सचा, पुढे विजेच्या दिव्यांचा. शहरातल्या मागांवर रात्रपाळी करणारी पोरे पाळी बदलून घेत आणि सायकली हाणत खेळायला येत. खेळाचे नाव हुतूतू. ‘कबड्डी’ म्हणणारा मनुष्य शाळामास्तर तरी असे, नाहीतर मुंबईहून आलेला.

त्या खेळाचा जीव दमात होता. एका श्वासात ‘हुतूतू’ घुमवीत पलीकडे जायचे, कोणाला तरी शिवायचे आणि श्वास संपण्याआधी मध्यरेषा गाठायची. दम तुटला की माणूस मेला! म्हणून पंचाला डोळ्यांइतकेच कान लागत. दम चोरणारे बहाद्दर काही कमी नसत. तोंडाने नाद चालू, आणि मधेच नाकाने गुपचूप श्वास घेतलेला. ते ओळखण्यासाठी मी गड्याच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघत असे. एकदा शहरात मागांच्या वस्तीत सामना होता. त्या खडखडाटात दम ऐकूच येईना. तेव्हा दोन्ही कप्तानांनी मिळून कारखानदाराला गाठले आणि सामन्यापुरते चार माग बंद करवले. खेळ चालावा म्हणून माग थांबले, ही गोष्ट भिवंडीत आजही कोणाला सांगितली तर खोटी वाटेल.

आमचा थोरला भाऊ त्या काळी दमाचा राजा. त्याची एक चढाई सुरू झाली की बायका हातातले काम थांबवून ऐकत. तो फार चपळ नव्हता, ताकदीचाही नव्हता, पण त्याच्या छातीत किती श्वास आहे याचा अंदाज समोरच्या सातांना कधी आला नाही. ते वाट बघत, हा आता परतेल, आता परतेल. आणि त्यांच्या वाट बघण्यातच तो एखाद्याला टिपून येई.

पण आपली बाजू तेवढी निर्मळ आणि बाहेरच्यांनी सगळे बिघडवले, असे मी म्हणणार नाही. इतिहास तसे सांगत नाही. हा खेळ पूर्वी गावागणिक निराळा. तमिळ मुलखात चेडुगुडु, बंगाल्यात हाडुडु, आपल्याकडे हुतूतू. कुठे बाद झालेला गडी बाहेरच बसे, कुठे प्रतिपक्षाचा गडी टिपला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येई. या सगळ्याला पहिली कात्री लावली ती आपल्या मराठी मंडळींनीच. १९१८ पासून महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमींनी नियम एकत्र करावयास घेतले, १९२३ मध्ये ते छापले आणि त्याच साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्या नियमांनी सामने भरवले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ निघाला. १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मेलेला गडी जिवंत करणारा ‘संजीवनी’ प्रकार देशभर कायम झाला. ‘अमर’ आणि ‘गामिनी’ हे दुसरे प्रकार मागे पडले आणि आपले ‘हुतूतू’ हे नावही त्यांच्याबरोबर गेले. पंजाबने मात्र आपले गोल मैदान सोडले नाही. तिथली वर्तुळातली कबड्डी अजून आपल्या तोऱ्यात आहे आणि पंजाबी माणूस कॅनडात गेला तर तिथेही ती घेऊन जातो.

या कात्रीचा फायदा झाला नाही असे कसे म्हणू? नियम एक झाले म्हणून भिवंडीचा गडी मदुराईच्या गड्याशी खेळू शकला. रेल्वेत, पोलिसांत, बँकांत खेळाडूंना नोकऱ्या मिळाल्या. आमच्या गावातली चार घरे त्यावर उभी राहिली. शंकरराव साळवी, ज्यांना सगळा महाराष्ट्र बुवा साळवी म्हणून ओळखतो, त्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो, ते उगीच नव्हे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून दाखवली गेली आणि १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली. त्या दिवशी आमच्या गावात थोरल्याने स्वतःच्या पैशाने साखर वाटली होती.

पण परदेशी मांडवात गेलेला खेळ परत आला तो निराळी वस्त्रे लेवून. मातीच्या जागी मॅट आली, पायांत बूट आले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घड्याळ आले. आता चढाईला तीस सेकंद. पुस्तकात दम अजून आहे, तोंडाने ‘कबड्डी’ म्हणावेच लागते. पण हजारो माणसांच्या कल्लोळात, कर्ण्यावरच्या गाण्यात तो ऐकणार कोण? आणि वेळ ठरलेलीच असेल तर ऐकायचे तरी कशासाठी? पूर्वी चढाई किती वेळ चालणार हे गड्याच्या छातीला ठाऊक असे, दुसऱ्या कोणाला नाही. आज ते भिंतीवर लाल आकड्यांत सर्वांना दिसते. थोरल्याचे सगळे कसब त्या न दिसण्यात होते. पहिल्यांदा ते आकडे पाहिले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “म्हणजे माझा दम आता भिंतीवर टांगला म्हणा!” हसत म्हणाला, पण नंतर पूर्ण सामना तो घड्याळाकडेच बघत बसला होता.

असे आपल्याच खेळाच्या नशिबी आले काय? नाही. बर्फाच्या मुलखातली एक गोष्ट सांगतो. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्यातून पुढे स्नोबोर्डिंग निघाले. एकाच फळीवर दोन्ही पाय ठेवून, लाटेवरून यावे तसे डोंगरावरून यायचे. स्कीइंगवाल्या प्रतिष्ठितांनी कितीतरी वर्षे या पोरांना आपल्या डोंगरांवर पाऊल ठेवू दिले नाही. पोरांनी मग १९९० मध्ये स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. खेळाला पैसा आणि प्रेक्षक मिळू लागले, तशी ऑलिंपिकची नजर तिकडे गेली. पण ऑलिंपिक समितीने हा खेळ सोपवला कोणाच्या हाती? त्या स्कीइंगच्याच महासंघाच्या! १९९८ मध्ये जपानमधल्या नागानो येथे स्नोबोर्डिंग प्रथम ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हा नॉर्वेचा टेर्ये हाकोन्सेन, ज्याला त्याचे सोबती सर्वांत मोठा खेळाडू मानीत, तो गेलाच नाही. आमचा खेळ ज्यांनी कालपर्यंत उंबऱ्याबाहेर ठेवला त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही, असा त्याचा बाणा. २००२ मध्ये खेळाडूंचा तो महासंघ बंद पडला. हाकोन्सेनला त्याचा अभिमान राहिला आणि दुसऱ्यांना पदके मिळाली. यात शहाणा कोण, हे मी ठरवू शकत नाही. मात्र नकार द्यायला दम लागतो, एवढे मला कळते.

आमच्या पोरांना तर नकार द्यायचीही सोय नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने आपल्या राष्ट्रीय महासंघाचा कारभार प्रशासकाकडे गेला. २०२३ च्या अखेरीस निवडणूक झाली, पण कारभार निवडून आलेल्यांच्या हाती येईना. निवडून आलेली समिती नाही म्हणून वरच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या महासंघाची मान्यता काढली. भांडण खुर्च्यांचे, आणि आशियाई स्पर्धेला मुकण्याची पाळी कोणावर, तर ज्या कधी त्या खुर्च्यांच्या जवळही गेल्या नव्हत्या अशा मुलींवर! शेवटी खेळाडूंनाच सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने प्रशासकाला कारभार समितीकडे द्यावयास सांगितले, तेव्हा वाट मोकळी झाली. मार्चमध्ये आपल्या मुलींनी तेहरानला जाऊन इराणलाच हरवले आणि आशियाई अजिंक्यपद आणले. विजयाच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. पण त्या मुलींनी त्याआधी न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत जो दम धरला, त्याची नोंद कुठल्या गुणपत्रकात होत नाही.

म्हणून नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मी मनाशी असे जुळवले. नियम बदलतात, बदलावेत. आम्हीही बदलले. परंतु चार माग बंद करावयाचे ठरले, तेव्हा दोन्ही कप्तान तिथे उभे होते. ज्याला खेळायचे त्याला विचारून ते ठरले. नियम जितका दूरच्या खोलीत तयार होतो, तितका तो मैदानावर पोहोचेपर्यंत परका होतो. हांगझोऊला तासभर जो घोळ झाला तो नियम वाईट होता म्हणून नव्हे. नियम कोणाचा, हे खेळणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते म्हणून. खेळ ज्यांच्या छातीवर चालतो, त्यांचा आवाज ज्या खोलीत पोहोचत नाही, तिथल्या पोथीला नियम म्हणावे, पण खरा नियम म्हणू नये.

आमचे ते भाताचे शेत आता राहिले नाही. तिथे मोठे गोदाम झाले आहे. साऱ्या मुंबईला लागणारा माल आमच्या तालुक्यातल्या अशा गोदामांत येऊन पडतो आणि रात्रभर ट्रक घरघरत असतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर संध्याकाळी त्या बाजूने येत होतो. गोदामाच्या कुंपणाबाहेर थोडी मोकळी जागा आहे, तिथे पाचसात पोरांनी खडूने रेषा ओढल्या होत्या. माझा नातू चढाईला निघालेला. पलीकडच्या रेषेवर एक चिमुरडी बोटे मोडून एक, दोन, तीन असे सेकंद मोजत होती. मी थांबलो. तिचे तीस कधीच होऊन गेले, तरी हा आत घुमतोच आहे! शेवटी ती ओरडली, “अरे, तीस झाले!” तो शिवून परत आला, रेषेवर आडवा पडला आणि धापा टाकीत म्हणाला, “पण माझा दम कुठे तुटलाय?”

मग त्यांचे चांगलेच भांडण जुंपले. दोन्ही बाजू माझ्याकडे निकाल मागू लागल्या. मी म्हटले, “तुम्हीच ठरवा, तुम्हाला खेळायचे आहे.” आणि काय ठरते ते ऐकायला कुंपणाला टेकून उभा राहिलो.