जामनेर परिसरातील ‘पड’ आणि ‘बेवड’ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
खानदेशच्या कृषिइतिहासाचा विचार प्रामुख्याने कापूस, रेल्वे व बाजारपेठ यांच्या अनुषंगाने केला जातो. जमिनीला विश्रांती देऊन तिचा कस टिकविण्याची परंपरा मात्र उपेक्षित राहते. प्रस्तुत लेखात कांग नदीकाठच्या जामनेर परिसराच्या संदर्भात या परंपरेचा आढावा घेतला आहे.

विवेचन :
येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते व पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगते. अशा रीतीने ती स्वतःच काही अंशी उलथापालथ करून घेते. खरिपात शेत पड ठेवून, वखराच्या पाळ्या देऊन, ओलावा साठवावयाचा व रब्बीत त्यावर दादर ज्वारी घ्यावयाची, ही पद्धती याच गुणधर्मावर आधारलेली होती. पड शेतात मेंढ्या बसविल्याने लेंडीखत मिळे.

मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्तावा कौलाने टप्प्याटप्प्याने वाढणारा सारा आकारला जाई. १८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला. १८५२ मध्ये जमीन पाहणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. या पद्धतीत सर्वसाधारणपणे ३० वर्षांसाठी ठरलेला सारा खातेदाराला शेत पेरले काय किंवा पड ठेवले काय, भरावाच लागे. अन्यथा राजीनामा देऊन ते सोडावे लागे. विश्रांतीला आता रोख किंमत पडू लागली. त्यातच अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले. पड ठेवणे सामान्य कुणब्याला परवडणे कठीण झाले असावे, असे यावरून म्हणता येते.

अशा स्थितीत ‘बेवडा’चे महत्त्व विशेष ठरते. मूग, उडीद, तूर या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. मुगाचा बेवड पुढील पिकास मानवतो, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक होते. ताग पेरून फुलोऱ्यावर येताच गाडणे हाही त्याच जातीचा उपाय होय. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धती विकसित करून १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तेथील जमीनही काळीच होती.

निष्कर्ष :
पड म्हणजे आळस नव्हे, तर ती जमिनीची मशागतच होय. तथापि विश्रांतीचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न अनुत्तरितच आहे. दोन-तीन एकरांच्या धन्याला संपूर्ण शेत पड ठेवण्याचा सल्ला देणे सोपे आहे. त्या वर्षी त्याच्या घरची चूल कशी पेटेल, याचे उत्तर देणे अवघड आहे. म्हणूनच शेताचा एखादा तुकडा आळीपाळीने तागाखाली आणणे व उर्वरित शेतात बेवड राखणे, हाच पूर्वानुभवाशी सुसंगत मार्ग ठरतो.