साठ फुटांचे मैदान

एके वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शाळेत एक भले मोठे खोके येऊन पडले. उघडले तो आत चामड्याचे जाडजूड हातमोजे, दोन बॅटी, पिवळे चेंडू आणि कॅचरने तोंडावर बांधायचा एक पिंजरा. सॉफ्टबॉलचे सामान! क्रीडाशिक्षक लांबच्या रजेवर होते. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही एवढ्या कादंबऱ्या लिहिता, तेव्हा नियमांचे चोपडेही वाचू शकाल." माझे इंग्रजी बेताचे, पण नाही म्हणण्याची हिंमत त्याहून बेताची.

पहिल्या दिवशी सगळ्या पोरांनी मोजा उजव्या हातात चढवला. चेंडू झेलला तेव्हा कळले की फेकायचा हातच मोज्यात अडकला आहे! पुढे जमत गेले. शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या माळावर आम्ही आपसांत सामने भरवू लागलो. वाणी आणि पोस्टातले एक गृहस्थ पंच म्हणून उभे राहत, एका मुलाची आई कळशीभर सरबत आणी आणि फक्की ओढण्याचे काम माझ्याकडे असे. चौकोन काही केल्या चौकोन होत नसे, हा भाग निराळा.

सातवीतली एक मुलगी रोज कुंपणाशी उभी राही. चुकून तिच्याकडे गेलेला चेंडू ती अशी सरळ नि जोरात परत फेकी की वाणीदादा म्हणाले, "मास्तर, हिला घ्या हो." मी तिला गुणांची वही दिली. "तुझे अक्षर छान आहे," असे सांगितले. तिने वही घेतली आणि विचारले, "सर, हा खेळ मुलग्यांचाच आहे का?" स्पर्धेला जाणारा संघ मुलग्यांचा होता, हे खरे. मुलींचा वेगळा संघ उभा राहील इतक्या मुली पुढे आल्या नव्हत्या, हेही खरे. पण शनिवारचे सामने आमचे घरचे होते; तिथे आम्हांला कोणता नियम आडवा येत होता? तरीही मी म्हणालो, "नियम आहे."

हा नियम कोठून आला, हे शोधता शोधता मी अमेरिकेतल्या एका गावाशी जाऊन पोचलो. त्या गावाची हकीगत वाचकांना सांगावी, म्हणून हा प्रपंच.

पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या काठी विल्यम्सपोर्ट नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या व्यापारावर ते गबर झाले होते. पुढे जंगले संपली, व्यापार ओसरला, आणि 1930 नंतरच्या मंदीत ते चारचौघांसारखे एक गाव उरले. तेथे कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार राहत असे. 1938 च्या उन्हाळ्यात तो अंगणात आपल्या दोन भाच्यांशी चेंडू झेलाझेली खेळत होता. एक चेंडू झेलायला तो बाजूला सरकला आणि छाटलेल्या लायलॅकच्या झुडपाच्या खुंटांनी त्याचा घोटा खरचटला. घोटा चोळत पायरीवर बसला असता त्याला स्वतःचे लहानपण आठवले. मोठी मुले खेळायची, धाकट्यांनी चेंडू आणून द्यायचे. चेंडू फाटका, बॅट पेलवणार नाही इतकी जड. त्याने भाच्यांना विचारले, तुम्हांला खराखुरा संघ, गणवेश, नवा चेंडू आणि पेलेल अशी बॅट मिळाली तर? पोरे काय नाही म्हणणार!

थोरामोठ्यांच्या चळवळी सभागृहात जन्माला येतात. ही खरचटलेल्या घोट्यातून आली.

स्टॉट्झची खरी हुशारी पुढच्या कामात दिसते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत 90 फूट धावावे लागते. दहा वर्षांच्या मुलाचा त्यात दमच निघतो, आणि दूरच्या तळापर्यंत त्याचा चेंडूही पोचत नाही. त्याने आळीतली पोरे जमवली, तळ मागेपुढे करून पाहिले, आणि धावणारा व फेकणारा यांची बरोबरीची चुरस कोठे लागते ते हेरले. अंतर ठरले 60 फूट. मुलाला मोठ्यांच्या मैदानावर लहान ठरवण्यापेक्षा मैदानच मुलाच्या मापाचे करावे, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार भावली. आपल्या शाळांतली बाके अजून त्या विचारापर्यंत पोचायची आहेत, असो.

पैशाची बाजू मात्र कठीण होती. पन्नासाहून अधिक दुकानदार-कारखानदारांकडे तो जाऊन आला आणि सगळीकडून नन्ना ऐकून परतला. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला यातले दुःख समजावून सांगायला नको. अखेर लायकॉमिंग डेअरी या दूधवाल्या कंपनीने होकार दिला. 30 डॉलरच्या देणगीत मुलांच्या गणवेशाची सोय झाली. पाठोपाठ एक लाकूडवाला आणि एक प्रेट्झेल नावाचा खारा खाऊ बनवणारा असे आणखी दोन आश्रयदाते मिळाले. तीन संघ झाले. बर्ट आणि जॉर्ज बेबल हे दोघे भाऊ स्टॉट्झबरोबर संघांचे व्यवस्थापक झाले आणि तिघांच्या बायकाही हातभार लावू लागल्या. पगार कोणालाच नव्हता. 6 जून 1939 रोजी पहिला सामना झाला आणि लंडी लंबरच्या पोरांनी लायकॉमिंग डेअरीचा 23-8 असा फडशा पाडला. दूधवाल्यांनी मात्र हंगाम संपेपर्यंत त्याची भरपाई केली. या उद्योगाला नाव पडले 'लिटल लीग'.

असला उद्योग चालतो कसा, हे ज्याने केला त्यालाच माहीत. संध्याकाळी कामावरून यायचे, न जेवता मैदानावर जायचे, रेघा आखायच्या, खडे वेचायचे. स्वतःच्या मुलाला खेळवले तर लोक बोलतात, न खेळवले तर बायको बोलते. सगळे तगडे खेळाडू एका संघात जमू नयेत म्हणून वाटणी करायची, आणि त्या वाटणीवरून शेजाऱ्याशी अबोला धरायचा. हे सगळे बिनपगारी!

दुसरे महायुद्ध संपल्यावर हे लोण झपाट्याने पसरले. 1947 साली विल्यम्सपोर्टला पहिली मोठी स्पर्धा भरली; ती गावच्याच एका संघाने जिंकली. 1948 साली युनायटेड स्टेट्स रबर ही बलाढ्य कंपनी पाठीशी उभी राहिली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गावोगावी अशा हजारो लीग निघाल्या. म्हणजे कचेरी आली, नियमांची जाडजूड पुस्तके आली, आणि 1952 पासून पगारी अध्यक्षही आला. पीटर मॅकगव्हर्न हा त्याच रबर कंपनीतला माणूस.

इथून पुढची हकीगत सांगताना माझी लेखणी जरा अडखळते.

1950 साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी कॅथरिन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापल्या, भावासारखे कपडे घातले आणि 'टबी' असे पोरी-पोरांच्या चित्रकथेतले नाव सांगून संघात प्रवेश मिळवला. काही दिवसांनी तिनेच खरे सांगून टाकले. प्रशिक्षक भला होता. त्याने तिला हंगामभर खेळू दिले. पण 1951 मध्ये वरून नियम आला, मुलींना लीगमध्ये घेऊ नये. स्टॉट्झच्या स्वतःच्या घरी दोन मुलीच होत्या, मुलगा नव्हता. हे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

आणि 1955. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरी कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए.च्या काळ्या मुलांची एक लीग होती. त्यांच्या निवडक संघाने स्पर्धेसाठी रीतसर नाव नोंदवले. ते पाहून गोऱ्यांचे संघ शहरातून आणि मग साऱ्या राज्यातून एकामागून एक बाहेर पडले. समोर कोणी उरलेच नाही, म्हणून ही मुले न खेळताच राज्यविजेती ठरली. तेव्हा कचेरीने पुस्तक उघडले. जो संघ प्रत्यक्ष सामने खेळून वर आलेला नाही, त्याला पुढे जाता येत नाही! नियम अक्षरशः बरोबर होता. कचेरीने त्या मुलांना विल्यम्सपोर्टची अंतिम स्पर्धा पाहायला पाहुणे म्हणून बोलावले. बसने एवढा पल्ला तोडून ती आली, गणवेशात मैदानावर थोडा सराव करून प्रेक्षकांत जाऊन बसली. प्रेक्षकांतून आरोळ्या उठल्या, "खेळू द्या त्यांना!" कोणी खेळू दिले नाही. बारा वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी या स्पर्धेच्या वयात बसत नाही. 2002 साली संस्थेने त्यांना 1955 च्या राज्यविजेतेपदाचा ध्वज सन्मानाने दिला, तेव्हा ती 'मुले' साठीकडे झुकली होती.

त्याच 1955 सालाच्या अखेरीस खुद्द स्टॉट्झ आपल्याच संस्थेविरुद्ध न्यायालयात उभा राहिला. लीग कंपनीच्या हातात गेली, गावोगावच्या स्वयंसेवकांना आवाज उरला नाही, ही त्याची तक्रार. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तो कायमचा बाहेर पडला. आपली मूळ लीग त्याने गावातच 'ओरिजिनल लीग' म्हणून चालू ठेवली. 1959 साली नदीपलीकडे, साउथ विल्यम्सपोर्टला, मोठ्या संस्थेचे भव्य क्रीडांगण उभे राहिले. जग तिकडे जाऊ लागले. नदीच्या अलीकडे हा आपल्या आळीतल्या पोरांची मॅच लावीत राहिला, 1992 साली वारेपर्यंत. त्याचे सगळेच म्हणणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. हजारो गावांचा कारभार एका अंगणातून चालत नाही. पण त्याची बाजू मला माझ्या बाजूची वाटते, हे कबूल करतो.

मुलींचा प्रश्न सुटायला 1974 साल उजाडावे लागले. न्यू जर्सीतल्या होबोकेन गावी 1846 साली नव्या नियमांनी बेसबॉलचा सामना झाल्याचा गावकऱ्यांना मोठा अभिमान आहे. त्याच गावात 1972 साली मारिया पेपे ही मुलगी लीगमध्ये तीन सामने खेळली, तीही पिचर म्हणून. कचेरीची तंबी आली, मुलगी काढा, नाहीतर सगळ्या गावाची मान्यता काढून घेऊ. प्रशिक्षकाला तिच्याकडून गणवेश परत मागावा लागला. स्त्रियांच्या एका संघटनेने तिची बाजू घेतली. 1973 च्या अखेरीस सिल्व्हिया प्रेस्लर या सुनावणी अधिकारी बाईंनी मुलींच्या बाजूने निकाल दिला; 1974 साली वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला. तेवढ्यात मारियाचे वय निघून गेले होते. त्याच वर्षी संस्थेने मुलींसाठी सॉफ्टबॉलची शाखा काढली.

गंमत अशी की सॉफ्टबॉलचा जन्म पुरुषांच्या क्लबात झालेला. 1887 साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात फुटबॉलच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या तरुणांपैकी एकाने मुष्टियुद्धाचा मोजा भिरकावला, दुसऱ्याने काठीने तो टोलवला. जॉर्ज हॅनकॉक याने तेथेच मोजा बांधून चेंडू केला आणि खोलीतच खेळ मांडला. तोच खेळ फिरत फिरत एका खोक्यातून आमच्या माळावर आला.

हे सारे मी वाचून काढले तोवर दुसरा जून उजाडला होता. शनिवारच्या सामन्यांत मुली घ्यायच्या, असे मी वाणीदादांना सांगितले. ते म्हणाले, "मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं." पाच मुली आल्या. ती मात्र नव्हती. तिच्या वडिलांची मे महिन्यात बदली झाली होती.

गुणांची वही माझ्या कपाटात आहे. अक्षर खरेच छान आहे. प्रत्येक सामन्याच्या पानावर तिने दोन्ही संघांची नावे लिहिली आहेत, धावा, बाद, कोणी कोठे झेल सोडला तेही. आणि एका पानाच्या समासात, पेन्सिलने, माळावरच्या आमच्या वाकड्या चौकोनाचे चित्र काढून चारही बाजूंवर '60' असा आकडा घातला आहे.