छत्री फुकट, प्रवास फुकट

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता एक्सेल उघडलं. माझ्या क्रेडिट कार्डावर १८,४०० पॉइंट साठलेत आणि ते ३१ ऑक्टोबरला बाद होणार आहेत. जानेवारीत आई-बाबा, बायको आणि मी अशा चौघांना तमिळनाडूचा समुद्रकिनारा करायचाय. चेन्नई, तुतुकुडी, तिरुचेंदूर, कन्याकुमारी. आई आजवर विमानात बसलेली नाही. होम लोनमुळे बजेट बेताचं.

पॉइंटला ५० पैसे धरले तर झाले ९,२०० रुपये. त्यात पुणे-चेन्नईची दोन तिकिटं निघतात, चार नाही. पण बँकेचा मेल आलाय: महिनाअखेरपर्यंत ७५,००० खर्च करा, १५,००० पॉइंट बोनस! आपला टीव्ही फारच जुना झालाय, हे त्या मेलनंतर मला एकाएकी जाणवलं. :-)

बाबांना हिशोब दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे साडेसात हजारांसाठी पंचाहत्तर हजार घालवायचे?" मी त्यांना 'रिवॉर्ड' म्हणजे काय ते समजावणार होतो. पण त्याच दुपारी तुतुकुडीत काय बघायचं ते शोधताना मला एक फुकट छत्री सापडली.

झालं असं. १९०६ साली तुतुकुडी ते कोलंबो हा जलमार्ग ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य कंपनीच्या मुठीत होता. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै नावाच्या वकिलाने तिथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. भांडवल १० लाख, २५ रुपयांचा एक असे ४०,००० शेअर. आधी मुंबईच्या एका कंपनीची जहाजं भाड्याने घेतली, पण इंग्रजांनी दबाव आणला आणि त्या कंपनीने हात काढून घेतला. मग पिळ्ळैंनी शेअर विकत गावोगाव फिरून पैसे उभे केले आणि 'गॅलिया' व 'लावो' ही दोन जहाजं विकत आणली.

मग सुरू झालं भाडेयुद्ध. गोऱ्या कंपनीने तिकीट एक रुपयावर आणलं. स्वदेशीने आठ आण्यांवर. त्यावर गोऱ्या कंपनीने, असं सांगतात, प्रवासच फुकट केला आणि वर प्रत्येकाला एक छत्री! आणि तरीही लोक पैसे मोजून स्वदेशीच्या बोटीत चढत होते.

मी स्वतःला विचारलं, आपण असतो तर? खोटं कशाला बोलू, मी छत्री घेऊन गोऱ्यांच्या बोटीत बसलो असतो, आणि वर चार मित्रांना डील फॉरवर्ड केलं असतं.

छत्रीने जमलं नाही ते सरकारने केलं. पिळ्ळै टिळकांना मानणारे. १९०८ च्या मार्चमध्ये त्यांना राजद्रोहासाठी पकडलं आणि जुलैमध्ये दोन जन्मठेपा ठोठावल्या. त्याच जुलैत मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात पिळ्ळैंची शिक्षा कमी झाली, पण तुरुंगात त्यांना बैलासारखं तेलाच्या घाण्याला जुंपलं. १९११ मध्ये कंपनी मोडली, जहाजं प्रतिस्पर्ध्यांच्याच घशात गेली. १९१२ च्या अखेरीस ते सुटले तेव्हा कंपनी नव्हती आणि वकिलीची सनदही गेली होती.

छत्री हा झाला प्रवाशांसाठीचा मामला. व्यापाऱ्यांसाठी यापेक्षा हुशार युक्ती आधीपासून होती, आणि तिचा जन्म आपल्याच देशाच्या व्यापारात झालाय. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं वाढली, भाडी कोसळली. तेव्हा इंग्लंड-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी एकी केली आणि १८७७ मध्ये 'डिफर्ड रिबेट' आणलं. म्हणजे काय? तर सहा महिने सगळा माल आमच्याच जहाजांतून पाठवा, भाड्यातले साधारण दहा टक्के आम्ही तुमच्या नावावर ठेवू. पण लगेच देणार नाही. पुढचे सहा महिनेही आमच्याशीच इमान राखलंत, तर देऊ. मध्येच एखादा गठ्ठा परक्या जहाजाने गेला, तर साठलेलं सगळं बुडालं.

ओळखीचं वाटतंय ना? पैसे आधी तुमच्याकडूनच घ्यायचे, त्यातलेच थोडे 'तुमचे' म्हणून दाखवायचे आणि वर तारीख टाकायची. नव्या कंपनीने कितीही स्वस्त भाडं दिलं तरी व्यापारी हलत नसे, कारण मागचे दहा टक्के अडकलेले असत. अमेरिकेने १९१६ च्या कायद्याने ही पद्धत बंद केली. त्याच अमेरिकेत १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांसाठी माइल्स सुरू केले, आणि सगळ्यांना ती नवीन कल्पना वाटली!

(जाता जाता: आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी भागीदारांबरोबर काढलेल्या सिंदिया कंपनीचं पहिलं जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. त्याचं नाव काय असावं? 'लॉयल्टी'.)

आता माझा हिशोब. माझं कार्ड १५० रुपयांना ४ पॉइंट देतं. म्हणजे १८,४०० पॉइंटांसाठी मी ६ लाख ९० हजार खर्च केलेत, आणि त्याचे मिळाले ९,२००. शेकड्याला दीड रुपयासुद्धा नाही. आणि तेही फुकट नाहीत. दुकानदार कार्डावर बँकेला कमिशन देतो, ते मालाच्या किमतीत घालतो, आणि माझ्यापुढे रोख देऊन गेलेल्या माणसाकडूनही वसूल करतो. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला "कार्डावर दोन टक्के जास्त लागतील" म्हणतो तेव्हा मला राग यायचा. खरं तर तोच एकटा बिल उघड दाखवत होता.

तर, टीव्ही रद्द. पॉइंट मात्र सोडणार नाही, इतका काही मी थोर नाही. आई-बाबांची विमानाची दोन तिकिटं रविवारीच काढली, खिडकी आईला. आम्ही दोघं आदल्या दिवशी रेल्वेने चेन्नईला पोचणार. रात्री चौघं मिळून मुत्तुनगर एक्सप्रेसने तुतुकुडी, पुढे बसने तिरुचेंदूर. तिथे समुद्राला लागूनच मुरुगनचं देऊळ आहे. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी हे कळल्यावर आई म्हणाली, "मग मी बाहेर थांबते." तिकडे त्याला दोन बायका आहेत हे सांगितल्यावर जरा विचारात पडली आहे.

परतीला कन्याकुमारीहून थेट पुण्याची गाडी आहे, दीड दिवसाची. त्याचं आरक्षण ६० दिवस आधी उघडेल, तेव्हा सकाळी आठला लॉगिन करून बसायचंय. चेन्नईत संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ मोकळा आहे. मी मॉल सुचवला होता. बाबा म्हणाले, त्या वकिलाचा घाणा तिथल्या गांधी मंडपात ठेवलाय म्हणे, तो बघू.